ज्याचा त्याचा कोठा

गौरी-गणपतीच्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्याच्या वाडीवाडीतून एक दृश्य दरवर्षी दिसते. एरवी दोन वृद्ध माणसांच्या वावराने कसेबसे जागे असणारे घर मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी भरून जाते. ओटीवर पंगत बसते. भात एकाच टोपातला, काळ्या वाटाण्याची उसळ एकाच पातेल्यातली, मोदक एकाच मोदकपात्रातले आणि पाणीही एकाच विहिरीचे. तरीही दुसऱ्या दिवशी एका भावाचे पोट जड होते, दुसऱ्याला काही जाणवतही नाही, आणि तिसरा 'इथले पाणी आता मानवत नाही' असे म्हणत परतीच्या गाडीची चौकशी करू लागतो. घरातील आजी या साऱ्याचा निकाल तीन शब्दांत लावते : ज्याचा त्याचा कोठा.

कोठ्याचा हा भेद आपल्या समाजाला नवा नाही. आयुर्वेदाने मृदू, मध्यम आणि क्रूर असे कोष्ठाचे प्रकार फार पूर्वी सांगितले आणि औषधाची मात्राही त्यानुसार ठरवावी असा दंडक घातला. पोट बिघडण्याची कारणे अर्थातच अनेक असतात. दूषित पाणी, अवेळी जेवण, प्रवासाचा शीण यांतील कोणतेही एक पुरेसे ठरते. तथापि ही कारणे बाजूला ठेवली तरी एक मूलभूत प्रश्न उरतो. एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या आणि एकाच पंगतीला बसलेल्या माणसांच्या आतड्यांत जे असंख्य जिवाणू वस्ती करून असतात, ती वस्ती माणसागणिक इतकी निराळी का असावी? गेल्या वीस वर्षांत जीवशास्त्राने या प्रश्नाचा कसून पाठपुरावा केला आहे. हाती आलेले उत्तर केवळ वैद्यकापुरते मर्यादित राहत नाही. प्रसूतिगृहे, औषधांची दुकाने, अंगणवाड्या आणि घरोघरची ताटे यांच्याशी त्याचा निकटचा संबंध पोहोचतो. म्हणूनच सामान्य नागरिकाने ते समजून घेणे अगत्याचे आहे.

आतड्यातील लोकवस्ती

मोठ्या आतड्यात जिवाणू असतात हे १८८५ सालीच ठाऊक झाले होते. त्या वर्षी थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून एक जिवाणू वेगळा काढला. आज तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. परंतु आतड्यातील बहुसंख्य जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही. त्यांना प्रयोगशाळेच्या बशीत वाढविणे कठीण असल्याने पुढील शतकभर हे ज्ञान तुकड्यातुकड्यांनी वाढत गेले. जिवाणू न वाढविताही त्यांची जनुकीय ओळख पटविण्याची साधने हाती आली, तेव्हाच या वस्तीची खरीखुरी शिरगणती सुरू झाली.

या शिरगणतीचे आकडे अंदाजपत्रकाच्या भाषेतच सांगावे लागतात. २०१६ साली इस्रायलमधील संशोधकांनी केलेल्या हिशेबानुसार एका प्रौढ पुरुषाच्या देहात सुमारे ३० लाख कोटी मानवी पेशी, तर सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. जिवाणूंतील बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात राहतात. त्यांचे एकूण वजन मात्र पाव किलोही भरत नाही. जे अन्न लहान आतड्यात पचत नाही, विशेषतः धान्यांतील, डाळींतील व भाज्यांतील तंतुमय भाग, त्यावर हे जिवाणू जगतात. मोबदल्यात ते आतड्याच्या अस्तराला पोषक अशी आम्ले तयार करतात, काही जीवनसत्त्वे बनवितात आणि रोगजंतूंना सहजी जागा मिळू देत नाहीत.

अमेरिकेत २००७ साली सुरू झालेल्या मानवी सूक्ष्मजीव प्रकल्पाने २४२ निरोगी प्रौढांची तपासणी करून २०१२ साली आपले निष्कर्ष मांडले. त्यांतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी की, सारेजण धडधाकट असूनही जिवाणूंच्या जाती व त्यांचे प्रमाण यांत माणसामाणसांत विलक्षण तफावत होती. दुसरी अशी की, त्या जिवाणूंकडून होणारी कामे मात्र बऱ्याच अंशी सारखी होती. दोन कचेऱ्यांतील कारकून निराळे असले तरी आवक-जावक, लेखा आणि पत्रव्यवहार ही टेबले दोन्हीकडे असतात, तसाच हा प्रकार म्हणता येईल. या दुसऱ्या गोष्टीचा अर्थ महत्त्वाचा आहे. निरोगी आतड्याचा एकच एक नमुना अस्तित्वात नाही. मग हे कारकून प्रत्येक कचेरीत निरनिराळे कोठून भरती होतात, हा प्रश्न पुढे येतो.

रक्ताचा वारसा किती?

आपल्याकडे कोणत्याही भेदाचे कारण प्रथम रक्तात शोधण्याची प्रवृत्ती आहे. 'त्यांच्या घराण्यातच पोटाची तक्रार' असे सहज म्हटले जाते. कोणत्याही दोन माणसांची जनुकीय संहिता सुमारे ९९.९ टक्के एकसारखी असते. उरलेला अल्पसा फरक आतड्यातील एवढी मोठी तफावत घडवीत असेल काय, हे तपासण्यासाठी जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला. ब्रिटनमधील जुळ्यांवरील २०१४ च्या अभ्यासात असे दिसले की, काही थोड्या जिवाणूंच्या बाबतीत एकसारख्या जुळ्यांतील साम्य इतर जुळ्यांपेक्षा अधिक असते. म्हणजे वारसा आहे, परंतु तो काही निवडक जिवाणूंपुरता.

इस्रायलमधील सुमारे हजार लोकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्या देशात निरनिराळ्या खंडांतून आलेल्या घराण्यांचे लोक एकत्र नांदत असल्याने पूर्वजांचा परिणाम आणि परिस्थितीचा परिणाम वेगळा काढणे तेथे तुलनेने सोपे होते. निष्कर्ष असा निघाला की, जिवाणूंच्या रचनेवर पूर्वजांच्या वंशाचा प्रभाव नगण्य असून आहार, औषधे व राहणीमान यांचा प्रभाव कितीतरी पटींनी अधिक आहे. एका घरात राहणाऱ्या, पण रक्ताचे नाते नसलेल्या माणसांतही साम्य आढळले.

जेथे जनुकांचा प्रभाव निश्चितपणे दिसतो, तेथेही तो बहुधा ताटाच्या मार्गाने येतो. दुधातील साखर पचविणारे विकर काही माणसांत मोठेपणीही टिकते, तर काहींत बालपणानंतर ओसरते. ज्यांच्यात ते ओसरले आहे, त्यांनी दूध घेतले तर ती साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते आणि तेथील बायफिडोबॅक्टेरियम या जिवाणूंचे फावते. जनुक जन्मतः मिळाले हे खरे, परंतु घरात दूध येत नसेल तर त्या जनुकाचा हा परिणाम घडणार नाही.

जन्म आणि दूध

तेव्हा आतड्यातील वस्तीची कथा मुख्यतः जन्मापासून सुरू होते. आईच्या उदरातून बाहेर पडेपर्यंत बालकाचे आतडे जवळजवळ रिकामे असते. नैसर्गिक प्रसूतीत ते आईच्या योनिमार्गातील व विष्ठेतील जिवाणूंच्या संपर्कात येते, तर शस्त्रक्रियेने जन्मलेल्या बालकाला पहिला संपर्क त्वचेवरील व रुग्णालयाच्या परिसरातील जिवाणूंचा होतो. हा फरक पहिल्या काही महिन्यांत ठळक असतो आणि पुढे बराचसा पुसट होत जातो. शस्त्रक्रियेने अनेक माता व बालकांचे प्राण वाचतात, हे विसरून चालणार नाही. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे विचार करावयास लावणारे आहेत. २०१५-१६ मध्ये देशातील १७.२ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण २१.५ टक्क्यांवर गेले. त्यातही सरकारी रुग्णालयांत ते सुमारे १४ टक्के, तर खासगी रुग्णालयांत सुमारे ४७ टक्के होते. स्त्रीच्या शरीररचनेत सरकारी व खासगी असा भेद निसर्गाने केलेला नाही. या तफावतीतील काही भाग गुंतागुंतीच्या प्रसूतींचा असू शकेल. बाकीचा भाग सोय आणि शुल्क यांचा आहे, असे म्हणावे लागते.

जन्मानंतर दूध येते. मातेच्या दुधात साखरेच्या व स्निग्धांशाच्या खालोखाल जे घन घटक असतात, ते विशिष्ट प्रकारच्या जटिल शर्करा होत. नवल असे की, त्या बालकाला पचतच नाहीत. त्या पचवितात बालकाच्या आतड्यातील बायफिडोबॅक्टेरियम गटाचे जिवाणू. आई एका वेळी दोन तोंडांना भरविते, एक लेकराचे आणि दुसरे त्याच्या आतड्यातील नव्या वस्तीचे. या दुधाच्या जागी डबाबंद भुकटी आली, की वस्तीची घडणही बदलते.

पुढे उष्टावण होते, मूल रांगू लागते, माती तोंडात घालते, भावंडांचे उष्टे खाते. व्हेनेझुएलाच्या अरण्यप्रदेशातील, आफ्रिकेतील मलावी देशातील आणि अमेरिकेतील पाचशेहून अधिक व्यक्तींचा अभ्यास २०१२ साली झाला. मुलाच्या आतड्यातील वस्ती साधारणतः तिसऱ्या वर्षापर्यंत प्रौढासारखी होते, ही गोष्ट तिन्ही ठिकाणी समान आढळली. प्रौढपणीची वस्ती मात्र देशपरत्वे निराळी होती. पहिल्या तीन वर्षांना अंगणवाडीच्या भाषेत जे महत्त्व दिले जाते, त्याला येथे आणखी एक आधार मिळतो.

एका छपराखाली

या विषयातील एक उद्बोधक अभ्यास महाराष्ट्रातीलच आहे. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेत डॉ. योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय आतड्यातील जिवाणूंचा अभ्यास दीर्घकाळ चालविला. पाश्चात्त्य देशांत एका घरात दोनच पिढ्या आढळतात, तर आपल्याकडील एकत्र कुटुंबात आजोबा, मुलगा व नातू एकाच चुलीवरचे अन्न खातात. घर, पाणी व स्वयंपाक हे घटक समान राहिले तर वयामुळे काय बदलते, हे पाहण्यासाठी अशी कुटुंबे म्हणजे आयतीच सोय होय. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासासाठी दोन एकत्र कुटुंबांतील तीन-तीन पिढ्यांच्या व्यक्ती निवडण्यात आल्या. छप्पर एक असूनही वयानुसार जिवाणूंच्या प्रमुख गटांचे प्रमाण बदललेले दिसले. अवघ्या दोन कुटुंबांवरून मोठा सिद्धान्त उभा करता येणार नाही, हे उघड आहे. परंतु प्रश्न विचारण्याची पद्धत आपल्या समाजरचनेतून सुचलेली होती, आणि हीच त्या अभ्यासाची थोरवी.

छपराचे बळ किती, याचा अधिक विस्तृत अंदाज २०२३ साली इटलीतील संशोधकांच्या पुढाकाराने मिळाला. त्यांनी वीस देशांतील नऊ हजारांहून अधिक नमुन्यांची तुलना केली. ती जिवाणूंच्या जातींची नव्हती. एकेका जातीतील जी कुळे असतात, त्यांच्या पातळीवर ती केलेली होती. पहिल्या वर्षी आई व बालक यांच्यात सामाईक जातींपैकी सुमारे निम्म्या जातींची कुळे तीच असतात. एका घरात राहणाऱ्या माणसांत हे प्रमाण सुमारे १२ टक्के असते. आणि जुळी भावंडे जितकी अधिक वर्षे वेगळी राहतात, तितके त्यांच्यातील साम्य घटत जाते. जिवाणू हे सोबत राहण्यातून मिळतात आणि दुराव्याने विरतात.

रत्नागिरीच्या ओटीवरील त्या तीन भावांकडे या दृष्टीने पाहावे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या तुलनेत घटलेली आढळली आणि दर हजार पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया असल्याचे दिसले. पुरुष कामधंद्यासाठी बाहेर जातात आणि घर स्त्रियांच्या खांद्यावर उभे राहते, याचा हा आकड्यांतील पुरावा आहे. जो भाऊ विसाव्या वर्षी मुंबईला गेला, त्याने नवे पाणी, नवी खानावळ आणि खोलीतील नवे सोबती पत्करले. तीस वर्षांनी तो आईच्या पंगतीला परत बसतो तेव्हा आडनाव तेच असते, आतड्यातील वस्ती मात्र बरीचशी मुंबईकर झालेली असते.

ताटाचा प्रभाव

आहाराचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तंतुमय पदार्थ अधिक असतील तर ते पचविणारे जिवाणू वाढतात, मांस व स्निग्धांश अधिक असतील तर दुसऱ्या प्रकारचे. २०१४ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात स्वयंसेवकांचा आहार पूर्णतः वनस्पतिजन्य किंवा पूर्णतः प्राणिजन्य केला, तेव्हा जिवाणूंच्या प्रमाणात एकदोन दिवसांतच फरक पडला. प्रयोग थांबताच वस्ती पूर्वपदावर आली. दोन दिवसांच्या पथ्याने पाहुणे बदलतात, परंतु बिऱ्हाडे बदलावयास वर्षे लागतात, असा याचा अर्थ.

भारतातील अभ्यासांतही ताटाची छाप स्पष्ट दिसते. भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला व मेगास्फेरा हे जिवाणू विपुल आढळतात, असे पुण्यातील वर उल्लेखिलेल्या गटाने २०१६ साली दाखविले. भोपाळ परिसर आणि केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. मुख्यतः शाकाहारी व धान्यप्रधान अन्नावरील भोपाळकडील मंडळींत प्रेव्होटेलाचे वर्चस्व होते, तर भात, मासे व मांस खाणाऱ्या केरळकडील मंडळींत रचना निराळी होती. एका देशातच जर हा भेद, तर अमेरिकेत ठरविलेला मापदंड भारतीय पोटाला कसा लागू पडावा?

स्थलांतर आणि आहार एकत्र आले की काय होते, याचे चित्र २०१८ सालच्या एका अभ्यासात मिळते. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या हमाँग व कारेन समाजांतील स्त्रियांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता काही महिन्यांतच घटू लागली, वास्तव्याच्या वर्षांबरोबर घटत राहिली आणि अमेरिकेत जन्मलेल्या पुढील पिढीत आणखी खाली आली. चोथा पचविणारे जिवाणू तर पुष्कळांनी गमावले. उंदरांवरील २०१६ च्या प्रयोगात असेही दिसले की, तंतुमय अन्नाचा तुटवडा पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला तर काही जिवाणू कायमचे नाहीसे होतात. मग केवळ आहार सुधारून ते परत येत नाहीत.

या पार्श्वभूमीवर कोकणच्या ताटाकडे पाहिले म्हणजे काळजी वाटते. वरकस जमिनीवरील नाचणी व वरी, उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, आंबोळी, नाचणीची आंबील, फणसाची व केळफुलाची भाजी ही गरिबीची लक्षणे समजली गेली आणि एकेक मागे पडत चालली. त्यांची जागा पॉलिश केलेला तांदूळ, मैद्याची बिस्किटे आणि पिशवीतील कुरकुरीत पदार्थ यांनी घेतली. बाजारात या बदलाची किंमत दिसत नाही, कारण आतड्यातून नाहीशा झालेल्या जिवाणूची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नसते.

औषध आणि योगायोग

वस्ती घडविणारे जसे घटक आहेत, तसे उठविणारेही आहेत. प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर आतड्यातील रहिवाशांनाही मारतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन निरोगी व्यक्तींना एकच प्रतिजैविक दोनदा देऊन दहा महिने निरीक्षण केले गेले. वस्ती बव्हंशी सावरली, परंतु पूर्ववत झाली नाही. शिवाय तिघांतील परिणाम तीन तऱ्हांचे होते. एकच औषध, एकच मात्रा, तरीही पूर ओसरल्यावर कोणाच्या अंगणात काय उरेल हे सांगता येत नाही, तसाच हा प्रकार. आपल्याकडे महत्त्वाची प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकू नयेत आणि विक्रीची नोंद ठेवावी, यासाठी २०१४ पासून 'एच-१' अनुसूची लागू आहे. तरीही सर्दी-पडशासाठी दोन गोळ्या मागणारा गिऱ्हाईक आणि त्या निमूटपणे देणारा दुकानदार ही जोडी अद्याप गावोगाव भेटते. विषाणूमुळे होणाऱ्या सर्दीवर या गोळ्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. नुकसान मात्र होते.

पचनाचा वेगही येथे निर्णायक ठरतो. बेल्जियममधील हजाराहून अधिक लोकांचा अभ्यास २०१६ साली झाला. त्यांच्या नोंदविलेल्या सर्व घटकांत मलाचा घट्टपणा किंवा सैलपणा हाच जिवाणूंच्या रचनेशी सर्वाधिक निगडित आढळला. अन्न आतड्यात किती वेळ रेंगाळते यावर तेथे मंद वाढणारे जिवाणू टिकणार की झपाट्याने वाढणारे, हे ठरते. जड कोठा आणि हलका कोठा या आजीच्या वर्गवारीला इतक्या दूरवरून दुजोरा मिळावा, ही गोष्ट मोठी कौतुकाची आहे.

तथापि वय, आहार, औषधे, आजार असे सारे ज्ञात घटक एकत्र केले, तरी त्या अभ्यासात तफावतीचा दहावा हिस्साही उलगडला नाही. त्याच वर्षीच्या नेदरलँड्समधील अशाच अभ्यासात सुमारे १९ टक्क्यांपर्यंत मजल गेली. उरलेल्याचे काय? त्यातील बराचसा भाग क्रमाचा आणि योगायोगाचा असावा. बाजारपेठेत ज्याने मोक्याच्या कोपऱ्यावर आधी दुकान मांडले, त्याला मागाहून आलेला चांगला व्यापारीही सहजी हलवू शकत नाही. आतड्यातही प्रथम आलेला जिवाणू जागा व खाद्य अडवून बसतो आणि पुढच्यांचा मार्ग ठरवितो. जनुकीय दृष्ट्या एकसारखे उंदीर निरनिराळ्या पिंजऱ्यांत वाढविले तर त्यांच्या वस्त्याही निराळ्या होतात, हा प्रयोगशाळांतील नित्याचा अनुभव आहे.

फरकाने काय बिघडते?

कामे जर सारखीच होत असतील, तर कारकून कोण आहेत याची चिंता कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, सर्व कामे सर्वत्र होत नाहीत. हृदयविकारावरील डिगॉक्सिन हे औषध काही माणसांच्या आतड्यातील एक विशिष्ट जिवाणू निष्क्रिय करून टाकतो. १९८९ साली न्यूयॉर्कमधील व दक्षिण भारतातील लोकांची याबाबत तुलना झाली. न्यूयॉर्कमधील एक तृतीयांशाहून अधिक लोकांत ही क्रिया आढळली, तर दक्षिण भारतीयांत सुमारे सातांपैकी एकात. भारतीयांतही ती ग्रामीण लोकांपेक्षा शहरी लोकांत अधिक होती. औषधाची मात्रा एका देशातील लोकांवर ठरवून जगभर वापरली जाते तेव्हा या भेदाचा विचार व्हावयास हवा. कोठा पाहून मात्रा ठरवावी, हा जुना दंडक येथे नव्या अर्थाने खरा ठरतो.

याहून गंभीर प्रश्न कुपोषणाचा आहे. एकाच अंगणवाडीतील दोन मुलांना सारखीच खिचडी मिळते. एक अंग धरते आणि दुसरे धरत नाही. दोष बहुधा आईला दिला जातो. बांगलादेशातील अभ्यासांनी २०१४ साली दाखविले की, तीव्र कुपोषित मुलांच्या आतड्यातील वस्ती वयाच्या मानाने अपरिपक्व राहिलेली असते आणि नुसते अन्न देऊन ती पुरती सुधारत नाही. त्यानंतर ढाक्यातील मुलांवर चणा, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्ची केळी यांपासून बनविलेल्या आहाराचा प्रयोग झाला. २०२१ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार प्रचलित पूरक आहारापेक्षा उष्मांक कमी असूनही या आहारावरील मुलांची वाढ अधिक झाली. ही चार नावे वाचून कोणाही रत्नागिरीकराला नवल वाटेल. त्यांतील कच्ची केळी परसातच आहेत आणि उरलेले जिन्नस वाण्याच्या दुकानात.

बाटलीतील उपाय

माणसामाणसांतील हा भेद ध्यानात आला की एका नव्या व्यापाराकडे सावधपणे पाहता येते. शहरांतून अलीकडे विष्ठेची तपासणी करून आतड्याला गुण देणाऱ्या चाचण्या आणि कोट्यवधी जिवाणू भरलेल्या पुड्या यांचा बोलबाला वाढला आहे. निरोगी आतड्याचा एक नमुनाच जर नाही, तर गुण कशाच्या तुलनेत द्यावयाचे? पुड्यांबाबतचा अनुभवही संमिश्र आहे. इस्रायलमधील २०१८ च्या प्रयोगांत असे दिसले की, काही माणसांच्या आतड्यात बाहेरून दिलेले जिवाणू रुजतात, तर काहींत रुजतच नाहीत. प्रतिजैविकांनंतर अशा पुड्या घेणाऱ्यांची स्वतःची वस्ती तर उलट उशिराने सावरली. काही विशिष्ट आजारांत वैद्याच्या सल्ल्याने त्यांचा उपयोग होतो, हे मान्य. परंतु सरसकट सर्वांना एकच बाटली हा व्यापाराचा सिद्धान्त झाला, शास्त्राचा नव्हे.

या साऱ्या विवेचनाचा मथितार्थ असा की, आतड्यातील वस्ती ही माणसाच्या वंशावळीपेक्षा त्याच्या चरित्राची नोंद अधिक असते. तो कसा जन्मला, कोणाचे दूध प्याला, कोणासोबत राहिला, काय जेवला, कोणती औषधे त्याने घेतली आणि या गोष्टी कोणत्या क्रमाने घडल्या, ते सारे तेथे लिहिलेले असते. चरित्र असल्यामुळे त्यात योगायोगाचा वाटा राहणार आणि दोन चरित्रे कधी सारखी होणार नाहीत. परंतु चरित्रावर समाजाचाही हात फिरतो. विनाकारण होणाऱ्या शस्त्रक्रिया रोखणे, नोकरदार आईला स्तनपानासाठी पुरेशी रजा देणे, चिठ्ठीवाचून प्रतिजैविके न विकणे आणि पोषण आहारात स्थानिक कडधान्ये व भरडधान्ये आणणे, या गोष्टी व्यक्तीच्या आवाक्यातील नाहीत. त्या धोरणाच्या गोष्टी आहेत. त्यांचा लाभ कोणत्याही बाटलीपेक्षा अधिक लोकांना आणि कमी खर्चात मिळेल.

कोकणापुरते बोलायचे तर आणखी एक अपेक्षा रास्त ठरेल. एकाच घरातील एक भाऊ वाडीत आणि दुसरा मुंबईत, अशी हजारो कुटुंबे या जिल्ह्यात आहेत. रक्त समान आणि जीवनक्रम भिन्न, अशी तुलना इतक्या सहजपणे अन्यत्र क्वचितच मिळेल. दापोलीचे कृषी विद्यापीठ या मातीतील धान्ये जाणते, पुण्याच्या प्रयोगशाळा जिवाणूंची ओळख पटवू शकतात आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांत होतकरू विद्यार्थी आहेत. या तिघांनी मिळून कोकणी आतड्याची शिरगणती हाती घेतली, तर परदेशी मापदंडावर विसंबण्याची पाळी येणार नाही. तोपर्यंत गणपतीच्या पंगतीत चाकरमान्या भावाच्या पानावर नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी थोडी थोडी, रोज वाढावी. पहिल्याच दिवशी आग्रह करून ती फार वाढू नये, कारण तीस वर्षांत बदललेली वस्ती पाच दिवसांत फिरत नसते.